कोऱ्या बटणांचा कीबोर्ड

मी एका लॅपटॉपचा कीबोर्ड बोलतोय. जास्त बोलायची मला सवय नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं पुढे पाठवलं. माझं स्वतःचं एकदाच सांगतो.

जन्म कारखान्यातला. एका यंत्रानं बटणं बसवली, दुसऱ्यानं त्यांवर पांढरी अक्षरं छापली. शाळा माझ्या वाट्याला आली नाही. अंगभर अक्षरं होती, पण वाचता एकही येत नव्हतं. त्याची मला लाज नाही. दाबलेलं बटण मी कधी चुकवलं नाही.

माझ्या मालकीणबाई घरीच टायपिंगची कामं घ्यायच्या. दहाही बोटांनी, माझ्याकडे न बघता. सात वर्षांत माझी सगळी अक्षरं झिजून गेली. मी कोरा झालो. बाईंचं काही अडलं नाही. मालक गाड्यांच्या गॅरेजमधून निवृत्त झालेले. त्यांना रिकामं बसवत नसे. दिसेल ते पुसत सुटायचे.

त्या दुपारी फोन आला. बाईंची भाची दवाखान्यातून बोलत होती.

"मावशी, आईचं अपेंडिक्स फुटलंय. अर्ध्या तासात ऑपरेशनला घेतायत. मागच्या वेळी भुलीचं कुठलं इंजेक्शन तिला सोसलं नव्हतं? डॉक्टर विचारतायत."

"अगं, तिलाच विचार ना!"

"ती तापात बरळतेय. तू नाव सांग लवकर."

ते नाव बहिणीच्या मागच्या ऑपरेशनच्या कागदावर होतं. कागद घर बदलताना हरवला. बाईंनी तेव्हा काढलेला त्याचा फोटो तेवढा लॅपटॉपमध्ये होता. बाईंनी लॅपटॉप उघडला. पडद्यानं पासवर्ड मागितला. बाईंची बोटं माझ्यावरून धावली. पडद्यावर काहीच उमटलं नाही.

माझ्या पोटात पाणी होतं. मला सकाळपासून ठाऊक होतं. सांगणार कसं?

"अहो, काय केलंत तुम्ही ह्याला?"

"काही नाही. सकाळी जरा पुसला."

"कशानं?"

"फडक्यानं."

"ओल्या?"

 मालक हळूच म्हणाले, "साबण अगदी थोडासाच होता."

"ट्रक धुताय का तुम्ही?"

लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. उलटा धरून झटकला. केस वाळवायच्या यंत्रानं गरम हवा मारली. मीही जीव खाऊन जोर लावला. एक टिंब उमटेना.

पडद्यावरचा बाण मात्र हलत होता. मालकांनी पडद्याच्या कोपऱ्यातून चित्रातला कीबोर्ड बाहेर काढला. "हे बघ, ह्याच्यावर एकेक अक्षर दाबतो. सांग पासवर्ड."

बाईंनी आधी त्या चित्राकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मला नाही माहीत."

"रोज मारतेस की!"

"बोटं मारतात. कुणाला ओळखता येऊ नये म्हणून आठ अक्षरं कशीही घेतली होती. माझ्या कुठं लक्षात आहेत ती?"

फोनमधून भाची म्हणाली, "मावशी, वीसच मिनिटं आहेत." बाईंनी घड्याळाकडे बघितलं. लहानपणी ह्या बहिणीला कडेवर घेऊन त्या फिरल्या होत्या.

मालकांनी खुर्ची पुढे ओढली. "ह्याच्यावरच मार."

"बंद पडलाय तो."

"पडू दे. तू मार, मी बघतो. हळू मार."

बाई हळू मारायला गेल्या आणि तिसऱ्या बटणावर अडल्या. "हळू नाही जमत. बोटं विसरतात."

"मग नेहमीसारखं मार. आठ वेळा मार. दर वेळी मी एकच अक्षर बघतो."

बाईंनी डोळे मिटले. बोटं माझ्यावर पडली, खटाखट. मी मेलेला होतो, पण माझी बटणं जागची हलली नव्हती. मालक मान वाकवून मोजत होते. "मधली ओळ, डावीकडून चौथं. पुन्हा मार. वरची ओळ, दुसरं. पुन्हा." माझ्यावर जी जागा, तीच चित्रात शोधून ते दाबत गेले. आठ झाली.

पासवर्ड चुकीचा.

"सहावं चुकलं असेल. करंगळी होती की तिच्या शेजारचं बोट?"

"मला काय विचारता? बघा!"

पुन्हा खटाखट. "शेजारचं," मालक म्हणाले. ह्या वेळी पडदा उघडला.

बाईंनी इंजेक्शनचं नाव दोनदा वाचून दाखवलं. भाची धावत गेल्याचा आवाज फोनमध्ये ऐकू आला. त्यानंतर दोन तास दोघं फोनजवळच बसून होते. फोन पुन्हा वाजला तेव्हा बाईंनी तो मालकांच्या हातात दिला. त्यांनी ऐकलं. "बरी आहे," एवढंच म्हणाले आणि खाली बसले.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्यानं मला उचकटून काढलं आणि नवा कीबोर्ड बसवला. मला तो भंगारात टाकत होता. मालक म्हणाले, "तो इकडे द्या."

आता मी टेबलाच्या खणात असतो. काम नाही, तक्रारही नाही. तुम्हाला सांगणं एवढंच, बोटांना जे पाठ आहे, ते एकदा कागदावरही लिहून ठेवा. बाईंनी ठेवलंय.

दर रविवारी मालक खण उघडतात, मला बाहेर काढतात आणि पुसतात. कोरड्या फडक्यानं.