चार डिग्रीचं सिम

भातकुलीच्या अलीकडच्या फाट्यावर बायकांनी मिळून भाजी साठवायची थंडखोली उभी केली. गावातल्या पुरुषांना मात्र त्या भाजीपेक्षा तिथलं फुकटचं वायफाय जास्त गोड लागलं. पासवर्ड लेकरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत साऱ्यांना पाठ. किसनराव तर चहा घेतला की खुर्ची उचलत, थंडखोलीच्या ओट्यावर मांडत आणि जेवणापर्यंत फोनवर कुस्त्या पाहत. त्यांची बायको तानुबाई ही त्या बायकांच्या गटाची अध्यक्ष. मग किसनरावांना उठवणार कोण?

पण उन्हाळ्यात एकदा भलतंच झालं. थंडखोलीचं यंत्रही त्याच वायफायवर चालायचं; कोणीतरी फोनवरून नको तिथं बोट दाबलं, थंडखोलीचा आकडा शून्याखाली गेला आणि बारा क्रेट काकड्या दगडासारख्या झाल्या. माल घेणाऱ्या अमरावतीच्या कंपनीनं निरोप धाडला, की यंत्राला बाहेरचा हात लागणार नाही अशी सोय करा, आमचा साहेब येऊन तपासेल. तोवर नवा करार नाही. साठ घरांची भाजी त्या एका करारावर जात होती.

मग अकोल्याहून रूपाली नावाची इंजिनियर आली. तिनं वायफाय काढलं, दाराजवळच्या भिंतीवर एक डबा बसवला आणि त्यात सिम घातलं.

"काका, हे खासगी नेटवर्क आहे," तिनं ओट्यावरच्या मंडळींना समजावलं. "या सिमची वाट फक्त आपल्या मशीनपर्यंत जाते. बाहेरच्या कोणाला आत येता येत नाही."

"म्हंजे आमी बाहेरचे?" किसनरावांनी विचारलं.

"हो," रूपालीच्या आधी तानुबाईच बोलल्या.

किसनरावांना ते फार लागलं. गावाची विहीर बुजवून कोणी आपल्या घरात नळ घ्यावा, तसं वाटलं. दोन दिवस ते डब्याकडे नुसते पाहत बसले. खोलीत चार डिग्री आहे, एवढंच तो डबा दिवसभर कळवत होता. तेवढ्यासाठी अख्खं सिम! पाच पाहुण्यांसाठी गावजेवणाची कढई चढवावी, त्यातली गत. आणि अन्न वाया गेलेलं किसनरावांना कधीच पाहवलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी साहेब यायचे होते. बायका मागच्या शेडमध्ये मेथीच्या जुड्या बांधत होत्या. इकडे किसनरावांच्या फोनमधलं नेट संपलं, तेही कुस्ती ऐन रंगात आली असताना. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, डब्याचं झाकण सरकवलं आणि सिम काढून आपल्या फोनात घातलं. दोन्ही पैलवान होते तिथंच थिजलेले राहिले. वरती गोल चक्र फिरत राहिलं, फिरतच राहिलं.

"हे तं माह्यापरीस आळशी हाय," असं पुटपुटत त्यांनी सिम जिथल्या तिथं ठेवलं. पण डब्यावरचा हिरवा दिवा आता लाल झाला होता.

तेवढ्यात जीप आली, तशा बायका शेडमधून पुढं आल्या. कंपनीचे कुंदनसाहेब उतरले, मागून रूपाली उतरली ती फोनकडे पाहतच.

"तानुकाकू, डब्यातलं सिम कोणाच्या तरी फोनात गेलं होतं," ती म्हणाली. "नेटवर्कनं ते ताबडतोब बंद केलंय."

कुंदनसाहेबांनी उघडलेली फाईल मिटली. "कोणी काढलं ते कळल्याशिवाय मी सही करत नाही. आज सिम काढलं, उद्या काय काढाल?"

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. "दाराशी तं झाडायले मैनाबाईच असते," कोणीतरी बोलून गेली.

मैनाबाईनं हातातली मेथी आपटली. "माह्याजवळ फोन तरी हाय काय वं? सिम काय मी भाकरीत घालून पाहू?"

साऱ्या हसल्या. कुंदनसाहेब हसले नाहीत. मैनाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. किसनरावांना आता खुर्चीत बसवेना. या वयात बायकोपुढं मान खाली घालायची, तीही साऱ्या गटासमोर! पण दुसऱ्याच्या डोक्यावर आपलं पाप किती वेळ ठेवायचं?

"तिले कावून रडवता? म्याच काढलं होतं," ते उभे राहून म्हणाले. "चार डिग्रीले असं केवढं नेट लागते? बाकीचं वायाच चाललं होतं."

"तरी मी म्हणो, आज हा मानूस एवढा चूप कसा!" तानुबाईंनी कपाळावर हात मारला.

कुंदनसाहेबांनी रूपालीला विचारलं, "बंद पडायला वेळ किती लागला?"

"दीड मिनिट. तेवढ्यात काकांना आतलं काहीच दिसलं नाही. मशीन त्यांच्या फोनला ओळखतच नाही."

"चोरी झाली, पकडली गेली, चोरानं कबूलही केली," साहेबांनी फाईल पुन्हा उघडली. "अशी तपासणी मी आजवर पाहिली नाही. सही करतो. पण डब्याला कुलूप लावा, इथं कोणी यायचं त्यांची यादी करा, आणि यादीत नाव नसेल त्यानं ओट्यावर चढायचं नाही."

रूपालीनं अकोल्याला फोन लावून सिम चालू करून घेतलं. मग यादी लिहायला बसली. गटातल्या बायकांची नावं झाली, तशी तिनं हळूच विचारलं, "अन् काका?"

तानुबाईंनी नवऱ्याकडे क्षणभर पाहिलं. "नको लिहू. साठ घरं हायेत."

किसनरावांनी खुर्ची खाली उतरवली. तोच शेतावरून माल घेऊन टेम्पो आला आणि उतरवायला माणूस कमी पडला. किसनराव पुढं झाले, एक क्रेट खांद्यावर घेतला आणि ओट्याच्या पायरीशी आले. वर मैनाबाई उभी होती.

"भाऊजी, तिथंच थांबा," ती म्हणाली. "क्रेट वर द्या, पाय नका देऊ."

त्यांनी क्रेट वर दिला आणि ते दुसरा आणायला वळले.