एकाच पंगतीत

दर्यापूरजवळच्या आमच्या गावात म्हाताऱ्यांसाठी सरकारी भोजन केंद्र निघालं, तेव्हा सत्यभामाबाई पहिल्यांदा नवऱ्याच्या शेजारी बसून जेवल्या. घरी त्या जन्मभर शेषरावांच्या मागून, त्यांच्याच ताटात जेवत आल्या होत्या. केंद्रात मात्र पंगत एकच. वरणात मीठ कमी असायचं, तेही डॉक्टरी सल्ल्यानं, आणि नवरा-बायको रोज एकदमच कुरकुर करायचे.

पुढे शेषराव वारले. त्यानंतर योजनेत सुधारणा झाली. ज्येष्ठांची पायपीट वाचावी म्हणून डबे घरपोच झाले आणि केंद्राला कुलूप लागलं. सत्यभामाबाईंचा डबा भरलेलाच परत यायचा. त्या वाळत चालल्या.

"आजी, काहून जेवून नाही राहिल्या तुमी?" डबे वाटणाऱ्या आरतीनं विचारलं.

"घरी मले त्यायच्या मागूनच जेवाची सवय, बाई. आता त्यायचं आटपतच नाही."

दुसऱ्या दिवशी आरतीनं डब्यासकट आजींनाच केंद्रावर नेलं. किल्ली तालुक्याला होती, म्हणून पायरीवरच बसवलं आणि आपणही शेजारी टेकली.

"इथं नको. तिकडं सरक."

आरती सरकली. आजींनी घास घेतला आणि रिकाम्या जागेकडे वळून म्हणाल्या, "आजबी मीठ कमीच हाय."

मग त्यांनी दुसरा घास घेतला.