कोकराला मिळालेला चीक

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी पेशी आहे आणि स्वभावाने जळकी आहे. सोजर नावाच्या मुलीच्या आतड्याच्या अस्तरात मी राहते. सांगोल्याकडच्या माळावर मेंढरं राखणाऱ्या धुळाप्पाची ही थोरली लेक, जन्म सन एकोणीसशे त्र्याहत्तरचा.

सोजर आईच्या पोटात होती तेव्हाच मी तिच्या शरीरात जन्मले. मग तिच्या छातीच्या हाडामागच्या ग्रंथीत माझी शाळा झाली. शाळा फार कडक. जी पेशी आपल्याच शरीरावर हात उगारेल, तिला तिथेच संपवत. मी पास होऊन आतड्यात आले, पण अजून कोरी होते. शत्रूवर तुटून पडणारी व्हायचे की भांडणे शमवणारी, हे आतड्यात काय येईल त्यावर ठरणार होते.

सोजर जन्मली. आईचा पहिला पिवळा चीक येईल, त्यातून जंतूंना अडवणारे रक्षक येतील, म्हणून आम्ही सगळ्या वाट बघत बसलो. सोजरची आजी केराबाई तशी मायेची. पण तिने सुनेला, मायाक्काला, तो चीक पिळून टाकायला लावला.

"नासकं दूध हाय ते," ती म्हणाली आणि कापसाच्या बोळ्याने गुळाचे पाणी पाजू लागली.

त्याच दिवशी दारात मेंढी व्याली. केराबाईने कोकराचे तोंड स्वतः सडाला लावले. "पी रं बाबा. चीक पोटात गेल्याबिगर कोकरू जगतं व्हय?"

ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या कोकराच्या आतड्यातल्या पेशींचे एवढे लाड, आणि आम्ही काय कुणाचे घोडे मारले होते?

गुळाच्या पाण्यातून वाईट जंतू आले. सोजरला हगवण लागली. डोळे खोल गेले, रडणेही थांबले. आमच्यातल्या लढणाऱ्या पेशी नवख्या. शत्रूबरोबर त्या आतड्याचे अस्तरही सोलू लागल्या. त्यांना आवरायला कोणी नव्हते, मी तर कोरीच.

मायाक्का दारात उड्या मारणाऱ्या कोकराकडे बघत होती. तीही जळत होती. एकाएकी तिने पोरीला पदराखाली घेतले.

"आत्याबाई, मेंढराचं तुमाला कळतंय की. माझी लेक कोकरापरास हलकी हाय का?"

केराबाईने दारातल्या कोकराकडे पाहिले. मग हातातला बोळा खाली ठेवला.

दूध आले, अजून पिवळसरच होते. त्यातले रक्षक अस्तरावर पसरले आणि वाईट जंतूंना चिकटू देईनात. मागोमाग दुधावर वाढणारे गुणी जंतू आले. त्यांच्या संगतीत मी भांडणे शमवणारी पेशी झाले आणि लढणाऱ्यांना आवरले. सोजर जगली. कौतुक मात्र सगळे दुधाचे झाले. माझे नाव कोणी घेतले नाही, त्याचाही मला राग आहेच.

पुढे दोन वर्षांनी मायाक्काला दुसरी मुलगी झाली. धुळाप्पा म्हणाला, "गूळ आणू का?"

"नगं. आदी आईचा चीक," केराबाई म्हणाली आणि तिने स्वतः नातीला आईच्या छातीशी लावले.

त्या तान्हीच्या आतड्यातल्या कोऱ्या पेशींना पहिल्याच घोटात सगळे मिळाले. मी जळते मित्रांनो, फार जळते. तुमच्या घरी बाळ येईल तेव्हा त्याचा चीक टाकू नका. त्याच्याही पेशींचा मला हेवा वाटू द्या.