लांब दांड्याचा रॉड

"ही घे," ओपल म्हणाली आणि दुकानातल्या भिंतीला लावलेल्या, मासे पकडायच्या रॉडच्या रांगेतली सगळ्यांत लांब काठी तिनं काढून इडेलच्या हातात दिली. "हलकी आहे बघ."

इडेलनं काठी घेतली, पण बघितलं ते ओपलकडे.

ओपल तिच्या भावाची, हॉलिसची बायको. हॉलिस जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून दर शनिवारी या दोघी त्याच्याच बोटीतून गंटर्सव्हिलच्या तळ्यावर बास मासे पकडायला जात. इतक्या दिवसांत ओपलनं रॉडबद्दल चकार शब्द काढला नव्हता. हाताला येईल तो घ्यायचा, गळ पाण्यात सोडायचा आणि भलतीकडे बघत बसायचं, ही तिची रीत. आज मात्र तिला मत होतं.

मुळात आपला जुना रॉड मोडला तिथपासूनच इडेलच्या मनात काहीतरी खुपत होतं. ओपलनं गाडीचं दार धाडकन लावलं आणि रॉडचा शेंडा त्यात सापडून तुटला. "नवा मीच घेऊन देणार," ओपल तिथल्या तिथं म्हणाली. इतक्या पटकन, की वाक्य आधीच तयार असावं. त्याच्या आधीचा शनिवार तिनं चर्चच्या कामाचं निमित्त काढून बुडवला होता, तोही एप्रिलमधला, बास अंडी घालायला काठाशी येतात त्या दिवसांतला. आणि परवा इडेल तिच्याकडे गेली, तर अंगणात बोट धुऊनपुसून लख्ख. हॉलिसच्या हयातीतही ती कधी इतकी लख्ख नव्हती.

इडेलची नोकरी इस्पितळाच्या धोबीखान्यात. चादरीवरचा डाग कशाचा ते तिला लांबून कळायचं, आणि माणसांचंही आपल्याला तसंच कळतं असा तिचा समज होता. तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं: हे सगळं रॉयसपायी. चर्चमधला हा विधुर डीकन हल्ली दर रविवारी ओपलच्याच बाकावर बसायचा. बोटीतली आपली जागा आता त्याला जाणार.

तिनं लांब काठी परत ठेवली, एक आखूड उचलली. वर दोऱ्याचं रीळ बसवलंय असं समजून अंगठा टेकवला आणि मनगटानं दोनदा झटका दिला.

"मला आपली आखूडच बरी. बोटीत दोघी उभ्या असलो की लांब काठी तुझ्याच डोक्यात बसायची."

म्हणाली आणि ओपलचा चेहरा निरखू लागली.

"माझ्या डोक्याची तू नको काळजी करूस," ओपल म्हणाली. "लांबच घे. लांब जातो गळ."

"हाताशी बोट असताना लांब कशाला टाकायचा? वल्हवत जवळ जायचं."

गल्ल्यामागून दुकानदार डेन्टन पुढं आला. "मिस इडेल, दोन्ही चांगल्याच आहेत. आखूड काठीनं झाडाखाली, धक्क्याखाली नेमका गळ टाकता येतो. लांब काठीचा दांडा दोन्ही हातांत धरून फेकायचा, मग अंतर मिळतं. आता तुम्ही बोटीतून टाकणार का काठावरून, त्यावर आहे सगळं."

"काठावरून," ओपल बोलून गेली.

डेन्टन रिळांच्या कपाटाची काच पुसायला लागला. काच स्वच्छच होती. म्हणजे यालाही माहीत आहे तर.

"लांब काठी दे," इडेल त्याला म्हणाली.

गाडीत बसल्यावर काठी दोघींच्या मधून मागच्या काचेपर्यंत गेली. ओपलनं किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"रॉयस ना?" इडेलनं विचारलं.

"रॉयसचं काय?"

"बोटीत तो बसणार. माझ्या जागी."

ओपल हसली. "रॉयस? अगं, बाप्तिस्म्याला पास्टरच्या मदतीसाठी कमरेएवढ्या पाण्यात उतरायचं तरी त्याचे दात वाजतात. बोट विकली मी. डिकेटरच्या एका माणसाला. डेन्टननंच गाठ घालून दिली."

"हॉलिसची बोट?"

"माझी बोट, इडेल."

"विकायचं कारण?"

"मला मासे पकडायला आवडत नाही."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. तो वास नको वाटतो, ऊन नको वाटतं, सुट्टीच्या दिवशी अंधारात उठायचं म्हणजे जिवावर येतं. हॉलिस होता तोवर मी एकदा तरी गेले होते का त्याच्याबरोबर?"

"मग ही चार वर्षं?"

"तो गेल्यावर तू नुसती खिडकीशी बसून असायचीस. जेवायची नाहीस. बोट पाण्यात सोडायची तर तुला गाडीला जोडलेला ट्रेलर मागं घेता येत नाही. म्हटलं, एक उन्हाळा नेऊ हिला." ओपल समोरच्या काचेकडे बघत होती. "मग तू हसायला लागलीस. मग कुठं थांबवायचं ते कळेना."

इडेलला कानशिलं गरम झाल्यासारखी वाटली. विधवा भावजयीला एकटं वाटू नये म्हणून आपण आपले शनिवार तिला देतो, असं ती चार वर्षं धोबीखान्यात सांगत आली होती. सगळ्याजणी मान डोलवायच्या.

"आणि रॉड? मुद्दाम मोडलास?"

"नाही. दार खरंच चुकून लागलं."

इडेलला ते खरं वाटेना.

घरी गेल्यावरही ती एकेक शनिवार काढून तपासत बसली. पहिला मोठा बास लागला तेव्हा ओपलनं टाळ्या वाजवल्या होत्या, त्या खऱ्या होत्या का? पावसात भिजून दोघी हसल्या होत्या, तेव्हा कोण हसत होतं? रविवारच्या जेवणाला ओपल दर वेळी दुसऱ्यांदा भाकर मागून घ्यायची, तेही तसंच असेल का? इडेलच्या मक्याच्या भाकरीला सोडा जरा जास्त होतो, हे तिचं तिलाही ठाऊक होतं.

शुक्रवारी ओपलचा फोन आला. "उद्या येऊ का? सोडते तुला तळ्यावरच्या पुलापर्यंत."

"नको," इडेल म्हणाली. आणि जरा थांबून, "झोप तू निवांत."

तळ्यावरच्या पुलाच्या कडेला दगडांचा उतार आहे. पायाखालचा दगड हलत नाही ना, हे बघून इडेल उभी राहिली. दांडा दोन्ही हातांत धरून तिनं गळ फेकला, तो तिच्या अपेक्षेपेक्षा बराच पुढं जाऊन पडला. पहिल्यांदा गळाच्या दोऱ्याचं तंगूस रिळावर गुंतलं. ते सोडवून तिनं पुन्हा फेकला. बऱ्याच वेळानं मासा लागला, चांगला वजनदार. जाळी धरायला शेजारी कोणी नव्हतं. ती उलट्या पावलांनी, पाय चाचपत, एकेक दगड वर चढत गेली, बास पाण्याबाहेर आला तशी गुडघे टेकून खाली बसली आणि त्याच्या जबड्यात अंगठा घालून तिनं त्याला उचललं.

तेवढ्यात पुलाखालून हिरव्या काठाची एक बोट बाहेर पडली. मोटारीचा आवाज तिनं ओळखला: हॉलिसची बोट. बोट चालवणारा अनोळखी माणूस होता. पाण्यावर सगळेच एकमेकांना करतात तसा त्यानं हात वर केला.

इडेलच्या एका हातात काठी होती, दुसऱ्यात मासा. तिनं मानेनंच उत्तर दिलं आणि गळ काढायला खाली वाकली.