ओठ न हलवता

नी डोलतोय!

हसू नका. मला ‘मी बोलतोय’ असं म्हणायचं होतं. पण मी पडलो बोलका बाहुला. माझे शब्द खेळ करणाऱ्याला स्वतःचे ओठ न हलवता काढावे लागतात, आणि प, ब, म ही अक्षरं ओठाला ओठ टेकल्याशिवाय येत नाहीत. करून बघा हवं तर. मग ‘म’चा होतो ‘न’ आणि ‘ब’चा ‘ड’. माझं नाव बंडू, पण कुणी विचारलं तर मी सांगतो डंडू! आज कपाटात एकटाच आहे, पाठीत कुणाचा हात नाही, तेवढ्यात सगळी अक्षरं वापरून घेतो.

माझा पहिला धनी गावोगाव खेळ करायचा. त्यानेच मला लाकडातून कोरलं. मोठा बिलंदर माणूस. त्याने माझ्या तोंडून ‘मी’ कधी वदवलंच नाही. ‘हा गडी सांगतो’, ‘हा गडी चालला’ असं बोलायला लावायचा. लोक पोट धरून हसायचे. पुढे त्याचे दात गेले, दातांमागोमाग खेळ गेला, आणि मी आलो मॅडमच्या कपाटात.

मॅडम शाळा संपवणाऱ्या मुलांना मोठ्या कॉलेजात प्रवेश कसा मिळवायचा ते सांगतात. मार्क काय सगळ्यांनाच असतात, पोर चारचौघांत वेगळं दिसलं पाहिजे, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पियानो नि बुद्धिबळ आता कुणी विचारत नाही म्हणे. म्हणून कपाटात एकचाकी सायकल आहे, मधमाश्या पाळणाऱ्यांची जाळीची टोपी आहे आणि मी आहे. मुलं आम्हाला घरी नेतात, आमच्याबरोबर फोटो काढतात, मुलाखत झाली की परत आणून टाकतात. प्रत्येकाची मी ‘लहानपणापासूनची आवड’! दमलो हो मी या आवडीने.

शेवटी मला नेलं ते ठमीने. तिचे वडील औषधांचं दुकान चालवतात. आईच्या मागे तिला आत्याने वाढवलं, आणि आत्याला मुळीच ऐकू येत नाही.

“फावल्या वेळात काय करतेस?” मॅडमनी विचारलं.

“आत्याबरोबर असते. दवाखान्यात, बँकेत लोक तोंड फिरवून भराभर बोलतात. ते मी तिला ओठांनी सांगते, आवाज न काढता. ती ओठ वाचते.”

“गोड आहे गं. पण हे घरातलंच झालं. याला उपक्रम नाही म्हणत कुणी.”

“मॅडम म्हणतात ते ऐक,” वडील म्हणाले. झालं, माझी रवानगी ठमीच्या पिशवीत.

पोरगी भलतीच हुशार. आरशासमोर बसून थोड्याच दिवसांत ओठ असे गोठवायला शिकली की माझा जुना धनीही चाट पडला असता. पण सवय म्हणजे सवय, ती आरशापाशी थांबते थोडीच! ठमी जेवतानाही तशीच बोलू लागली.

“पुटपुटतेस काय गं? ओठ हलव की,” आत्या म्हणायची.

त्या दोघींची एक जुनी गंमत होती. ओठांवर ‘म’ आणि ‘भ’ सारखेच दिसतात. ठमी लाडात येऊन बिनआवाजी ‘माझी आत्या’ म्हणायची, आणि आत्याला दिसायचं ‘भाजी, आत्ता?’ मग आत्या मुद्दाम स्वयंपाकघराकडे निघायची नि ठमी तिचा पदर ओढून तिला परत बसवायची. मी घरात आलो नि ती गंमत थांबली. आत्याने विचारणंही सोडलं. ठमी काही बोलली की ती नुसती मान डोलवायची, “हो हो.” काही कळलेलं नसायचं. मला दिसत होतं ते, पण मी कुणाला सांगणार? माझ्या तोंडी दुसऱ्याचेच शब्द.

मुलाखतीला वडिलांना दुकान सोडता येईना, म्हणून आत्या आली. ती बाहेर बाकावर बसली. मध्ये काचेचं दार होतं. आत एक प्राध्यापक नि एक प्राध्यापिका. मी ठमीच्या मांडीवर.

“हा छंद कसा लागला?” बाईंनी विचारलं.

उत्तर मी द्यायचं होतं. मॅडमनीच लिहून दिलेलं: ‘मनातलं मोकळेपणाने मांडायचं हे माध्यम.’ आता काय बोलावं! बाहुल्याच्या तोंडी कुणी एवढे ‘म’ घालतं का?

“ननातलं नोकळेतणाने नांडायचं हे नाध्यन,” मी म्हणालो.

“काय म्हणाला?” प्राध्यापक पुढे वाकले.

ठमीने काचेकडे पाहिलं. बाहेर आत्या तिच्या न हलणाऱ्या ओठांकडे डोळे फाडून बघत होती आणि कौतुकाने मान डोलवत होती. हो हो.

ठमीने माझ्या पाठीतून हात काढला आणि मला टेबलावर आडवं केलं. मग ती बोलली, एकेक शब्द ओठ भरून.

“हा बाहुला मुलाखतीपुरता आणलाय. मी काही खेळ करत नाही. माझी आत्या बाहेर बसलीय, तिला ऐकू येत नाही. मी तिच्याशी ओठांनी बोलते. हल्ली याच्या नादात तेही बिघडवलं.”

“आमच्याकडे बघून बोल,” प्राध्यापक म्हणाले.

“बोलते सर. पण तिलाही कळायला हवं ना.”

बाहेर आल्यावर आत्या उठली. स्वतःचा आवाज तिला ऐकू येत नाही, त्यामुळे ती बोलली की सगळ्या इमारतीला कळतं.

“सगळं कळलं गं मला! पण एवढ्या मोठ्या माणसांपुढे भाजीचं काय काढलंस?”

ठमी हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. आत्याने पदराने तिचं तोंड पुसलं. पिशवीत माझं डोकं उलटं होतं, पण मला आज कुणीतरी खराखुरा खेळ दाखवल्यासारखं वाटलं.

त्या कॉलेजने तिला नाही म्हटलं. मला परत द्यायला ती आली तेव्हा मॅडम म्हणाल्या, “तरी मी सांगत होते!” तिला दुसरीकडे प्रवेश मिळालाय. तिथे मुलाखतच नव्हती. जाताना तिने माझा सदरा नीट केला आणि दारात उभ्या आत्याकडे वळून बिनआवाजी काहीतरी म्हटलं. आत्या लगेच चालू लागली, बहुतेक भाजी आणायला.

तर पोरांनो, आता पुढचा नंबर तुमच्यापैकी कुणाचा तरी. हा गडी थकलाय, तरी तुम्ही म्हणाल तिथे येईल. लोकांना हसवायला न्या, खुशाल न्या. पण तुमचं ‘मी’ माझ्या तोंडात घालू नका. मला ते येत नाही.