मास्तरांच्या काळजाचं माप

मित्रांनो, मी एक जुनी फिल्म आहे. लगेच गाणी आणि मारामारी शोधू नका. माझ्यात आहे ते फक्त एका टेलरमास्तरांचं हृदय.

माझा जन्म सीटी स्कॅनच्या खोलीत झाला. मास्तर श्वास रोखून आडवे झाले आणि त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या माझ्या अंगावर उमटल्या. एकीत चरबीचा छोटा थर होता. "आत्ता घाबरण्यासारखं नाही. पण गोळ्या घ्या, चाला आणि ही फिल्म जपा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मास्तरांनी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं घरी नेलं.

मला दुकानात नेलं. मी जाड, न मळणारी. मास्तरांनी माझी वरची कड कॉलरच्या आकारात कापली. कात्री त्या रक्तवाहिनीपासून अर्धं बोट लांबून गेली. पुढची तीन वर्षं मी कॉलरचा साचा होते. 'कॉलर शिवावी तर मास्तरांनी,' असं गिऱ्हाइकं म्हणत. माझं नाव कोणी घेतलं नाही.

मग मास्तरांना जिना चढताना धाप लागू लागली. दुसरा स्कॅन झाला.

"आधीची फिल्म कुठे आहे? आमच्या संगणकातलं जुनं सगळं गेलंय," डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नवीन आहे ना समोर? जुनी कशाला?"

"मास्तर, गिऱ्हाइकाची कंबर एकदा मोजली की काय कळतं?"

"कंबर किती ते."

"आणि वर्षाने परत मोजली की?"

मास्तरांनी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. "पोट कुठे निघालंय ते."

बरोबर आलेल्या सूनबाई तोवर उठल्या होत्या. "बाबा, ती कॉलरवाली ना? आणते."

डॉक्टरीणबाईंनी मला उजेडावर धरलं. "ही कोणी कुरतडली?"

"कुरतडली नाही, कापली आहे," मास्तर दुखावले.

नव्या फिल्मवर थर मध्यमच दिसत होता. माझ्या शेजारी ठेवल्यावर कळलं, तो तीन वर्षांत दुप्पट झाला होता.

"या वेगाने गेलात तर झटक्याचा धोका मोठा आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उसवायला लागलंय. फाटायच्या आत टाका घालू. गोळ्या वाढवते. रोज चालायचं. तंबाखू बंद."

"त्यापेक्षा ऑपरेशन नाही का होत?" मास्तरांनी आशेने विचारलं.

सूनबाईंनी तंबाखूची डबी घेतली आणि तिच्यात बटणं भरली. मास्तर दोन वर्षं फेरीमागे एक बटण मोजत चालले.

आणि काल आमची तिसरी बहीण आली. आम्हा तिघींना ओळीने लावलं. डॉक्टरीणबाईंनी पट्टी दोनदा फिरवली. "मास्तर, थर एक सूतही वाढलेला नाही."

मास्तर लिफ्ट सोडून तीन जिने चढून दुकानात गेले आणि आमच्यासाठी अस्तर लावलेली पिशवी शिवली. तिला कॉलरही आहे. माझ्याच मापाची.

तेव्हा मित्रांनो, घरातल्या मोठ्यांच्या जुन्या फिल्मा जपा आणि डॉक्टरांकडे जाताना बरोबर न्या. एकटी फिल्म आज सांगते. दोघी मिळून उद्या सांगतात. आणि घरात कोणी शिवणकाम करत असेल, तर आधी कात्री लपवा.