तुकडीचे पूर्वज

इंग्लंडमधल्या सफोकच्या हवाई तळावर लष्कराच्या राखीव हवाई तुकडीचा वार्षिक दिवस होता. शनिवार-रविवारी वर्दी चढवणारे शिक्षक, नळदुरुस्तीवाले, टपालवाले हँगरमध्ये प्रार्थनेला उभे होते. पाद्रीसाहेबांनी तुकडीच्या दुसऱ्या महायुद्धातल्या पूर्वजांची, म्हणजे वैमानिकांची, नावं घेतली. विल्फचं नाव आलंच नाही. त्याच्या नव्वदीच्या विधवेने, एडिथने, हातमोजे चढवले.

"निघते मी," ती शेजारच्या सार्जंट मोरीनला म्हणाली. "आमचे हे कुठे विमान उडवायचे? युद्धात विमानांत नुसतं पेट्रोल भरायचे."

"नुसतं?" एरवी बेकरी चालवणारी मोरीन हसली. "अहो मिसेस प्लमस्टेड, मग आम्ही तरी दुसरं काय करतो? आम्हाला तर हेलिकॉप्टरात बसायलासुद्धा कोणी बोलवत नाही! कसं भरायचे ते?"

"मऊ चामड्यातून गाळून. पाण्याचा थेंब जाऊ द्यायचे नाहीत. वर कुणाचा तरी मुलगा बसलाय, म्हणायचे."

मोरीनने तिला बाहेर तुकडीच्या इंधनाच्या टँकरपाशी नेलं, काचेच्या बरणीत थोडं इंधन काढलं आणि उजेडात धरलं.

"यात पाणी नाही ना, हे बघितल्याशिवाय आम्ही नळी लावत नाही. आता तुम्हीच सांगा, आमचे पूर्वज कोण?"

एडिथने हातमोजे काढले. मोरीन तिला हाताला धरून परत आत घेऊन गेली.

"पाद्रीसाहेब, एक नाव राहिलं बघा."

पाद्रीसाहेबांनी सगळ्यांना पुन्हा उभं केलं. "विल्फ्रेड प्लमस्टेड, इंधन भरणारे."

'आमेन' उमटलं, टँकरवाल्यांचं जरा मोठ्यानेच. मूलबाळ नसलेल्या विल्फला एवढं गोत दिल्याबद्दल एडिथने डोळे मिटून देवाचे आभार मानले.